अंगणात न मावणारे झाड

कॅलिफोर्नियाच्या उत्तर किनाऱ्याने हम्बोल्ट परगण्यातून जाणाऱ्या रस्त्यावर दोन्ही बाजूंना रेडवूडची झाडे आभाळ झाकून उभी असतात. तिथे मधूनमधून भेटवस्तूंची छोटी दुकाने लागतात. लाकडात कोरलेली अस्वले, टोप्या, किल्ल्यांच्या साखळ्या, आणि त्यांच्याच शेजारी एका फळीवर पारदर्शक नळीत घातलेली वीतभर उंचीची रोपे. नळीवर चिठ्ठी : ‘जगातले सर्वांत उंच झाड तुमच्या घरी वाढवा’. किंमत दोघांच्या कॉफीपेक्षा जास्त नाही.

माझ्या नऊ वर्षांच्या नातीने ती नळी उचलली आणि म्हणाली, “आजोबा, हे घेऊ या ना.”

नातीने मागितलेले रोप मी आजवर कधी नाकारलेले नाही. पुण्यात आमच्या गॅलरीत तिच्या नावाच्या सात कुंड्या आहेत आणि ती नसताना त्यांना मी पाणी घालतो. पण त्या दिवशी मी “नाही” म्हणालो. पुढचे चाळीस मैल ती माझ्याशी बोलली नाही. तिची आई म्हणाली, “बाबा, झाडच तर मागत होती, व्हिडिओ गेम नव्हे.” सौ. काही बोलली नाही, पण तिचा चेहरा मुलीच्याच बाजूचा होता.

एका झाडाला ‘नाही’ म्हणायचे म्हणजे आजकाल जवळजवळ पाप समजले जाते. झाड लावणे हे पुण्यकर्म, एवढे लहानपणापासून आपल्या मनावर ठसलेले असते. शाळेत वृक्षारोपण, कचेरीत वृक्षारोपण, मंत्री आले की वृक्षारोपण. कोणते झाड, कुठे, कोणाच्या पाण्यावर आणि किती वर्षांसाठी, हे प्रश्न विचारणारा माणूस खडूस ठरतो. मी पाटबंधारे खात्यात तीस वर्षे काढली असल्यामुळे पाण्याचा प्रश्न विचारल्याशिवाय मला राहवत नाही, आणि खडूस ठरण्याचीही सवय आहे.

शिवाय, असे एक नळीतले रोप पुढे काय होते, हे मी रोज सकाळी खिडकीतून पाहत होतो.

मुलीचे घर सॅन होजेला आहे. घर जुने, १९६० च्या दशकातले. मागच्या अंगणात, भिंतीपासून अकरा फुटांवर, एक रेडवूड उभे आहे. छत्तीस इंच व्यासाचे खोड आणि अंदाजे नव्वद फूट उंची. घर बैठे असल्यामुळे झाडाच्या पायथ्याशी ते एखाद्या बाहुलीच्या खेळातल्या घरासारखे दिसते. शेजारचे म्हातारे गृहस्थ ऐंशी ओलांडलेले आहेत. कुंपणावरून गप्पा मारायला त्यांना आवडते आणि मला दुसरे काम नसते. त्यांनी मला त्या झाडाची जन्मकथा सांगितली. आधीच्या मालकांची मुले लहान होती. १९७८ च्या उन्हाळ्यात ती मंडळी उत्तरेला सहलीला गेली आणि येताना मुलांच्या हट्टापायी अशाच एका दुकानातून असेच एक रोप घेऊन आली. पहिली दोन वर्षे ते डब्यात होते. मग आईने ते कोपऱ्यात खोचून दिले. “आम्हांला वाटले, नाताळात दिवे लावायला बरे,” म्हातारबुवा म्हणाले. दिवे लावले ते पाच-सहा नाताळ. त्यानंतर शिडी पुरेनाशी झाली. मुले मोठी होऊन निघून गेली, आईवडील वारले, घर विकले गेले, आणि त्या सहलीची आठवण आज माझ्या मुलीच्या छपरावर सावली धरून उभी आहे.

आता या झाडाचा स्वभाव थोडा सांगायला हवा. नाहीतर माझा नकार केवळ म्हातारपणाचा हेका वाटेल.

शास्त्रीय नाव सिक्वोया सेम्परव्हिरेन्स. नेहमी हिरवी राहणारी, असा त्याचा अर्थ. सिएरा नेवाडाच्या डोंगरांत जे अवाढव्य बुंध्याचे सिक्वोया आहेत ते याचे चुलतभाऊ. आकारमानाने ते मोठे, पण उंचीत हे पुढे. २००६ साली रेडवूड राष्ट्रीय उद्यानात सापडलेले आणि ‘हायपेरियन’ हे नाव दिले गेलेले झाड सुमारे ११६ मीटर उंच आहे. म्हणजे आपला कुतुबमिनार, आणि त्याच्या डोक्यावर आणखी अर्धा कुतुबमिनार. दोन हजार वर्षांहून जास्त जगलेली झाडे आहेत. साल फूटभर जाड होऊ शकते, तिच्यात राळ जवळजवळ नसते, टॅनिन भरपूर असते; म्हणून आग तिला सहज धरत नाही आणि कीड लागत नाही. एवढ्या प्रचंड झाडाचे फळ मात्र इंचभराचे, आणि बी टोमॅटोच्या बीएवढे. बीच कशाला, तोडलेल्या बुंध्यातूनही ते पुन्हा फुटते. जंगलात कधी कधी मोठ्या झाडांचे गोल रिंगण दिसते. मधली आई केव्हाच गेलेली असते आणि भोवती तिच्याच मुळांतून आलेली लेकरे उभी असतात. आपल्या केळीच्या बागेतला हाच प्रकार शंभर मीटर उंचीवर नेऊन पाहा.

या झाडाचा मुलूख अगदी लहान आहे. ओरेगॉनच्या नैर्ऋत्य कोपऱ्यापासून दक्षिणेला बिग सरपर्यंत साडेसातशे किलोमीटर लांबीची एक चिंचोळी किनारपट्टी, बस्स. १७६९ साली पोर्तोलाच्या स्पॅनिश तुकडीने ही झाडे पाहिली आणि तिच्यातल्या पाद्रीबुवांनी त्यांना ‘पालो कोलोराडो’, तांबडे झाड, असे नाव दिले. पॅलो आल्टो या शहराचे नावच एका रेडवूडवरून पडले आहे. ‘एल पालो आल्टो’, म्हणजे उंच झाड. हजार वर्षांहून जुने ते झाड रेल्वेच्या रुळांशेजारी आजही उभे आहे, आणि स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या मुद्रेवर तेच आहे. ज्या गावांत आपल्या मराठी मंडळींच्या दोन पिढ्या संगणकाच्या नोकऱ्यांसाठी जाऊन राहिल्या, त्या गावांचे हे आद्य रहिवासी.

पण मुख्य गोष्ट धुक्याची. कॅलिफोर्नियाचा पाऊस आपल्या उलटा. तो हिवाळ्यात पडतो आणि मेपासून ऑक्टोबरपर्यंत आभाळ कोरडे ठाक. एवढे मोठे झाड सहा महिने पावसाविना जगते कसे? तर उन्हाळ्यात किनाऱ्यालगतच्या थंड समुद्रावर धुके धरते, आतला तापलेला प्रदेश ते ओढून घेतो, आणि दऱ्याखोऱ्यांतून ते या झाडांमध्ये शिरते. महाबळेश्वरला पावसाळ्यात धुक्यात झाडाखाली उभे राहिले की पाऊस नसतानाही डोक्यावर थेंब पडतात, तसेच इथे होते. पानांवर धुके जमते, थेंब होतात, खाली टपकतात आणि वरवरच्या मुळांना पाणी मिळते. पाने स्वतःही थोडे पाणी पिऊन घेतात. बर्कलीच्या टॉड डॉसन यांनी १९९८ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात या जंगलाला वर्षभरात मिळणाऱ्या पाण्यापैकी सुमारे एकतृतीयांश पाणी धुक्याचे निघाले. धुके हे या झाडाचे पाटबंधारे खाते आहे. आणि २०१० मध्ये त्यांनीच एका सहकाऱ्याबरोबर दाखवून दिले की विसाव्या शतकाच्या सुरुवातीपासून किनाऱ्यावरच्या उन्हाळी धुक्याचे प्रमाण सुमारे एकतृतीयांशाने घटले आहे.

मुळांचे म्हणाल तर, एवढ्या उंच झाडाला सोटमूळ नाही. मुळे फार खोल जात नाहीत, पण आडवी शंभर फुटांपर्यंतही पसरतात आणि शेजारच्या झाडांच्या मुळांत गुंततात. वारा आला की सगळी मिळून एकमेकांना धरून ठेवतात. हे एकत्र कुटुंबात राहणारे झाड आहे. आपण त्याला एकटे आणून पन्नास बाय शंभर फुटांच्या प्लॉटच्या कोपऱ्यात खोचतो.

सॅन होजेला वर्षाकाठी पाऊस किती, तर पंधरा इंच. पुण्याच्या जवळजवळ निम्मा. धुके सकाळी कधीमधी ढगाच्या रूपाने डोकावते आणि नऊ-दहा वाजता विरून जाते. एकेकाळी ही सारी सपाटी जर्दाळू आणि प्लमच्या बागांची होती. बागा तोडून घरे झाली, घरांभोवती हिरवळी झाल्या, आणि शेजाऱ्याची खिडकी झाकायला झटपट वाढणारी हिरवी भिंत हवी म्हणून लोकांनी रेडवूड लावले. वाढ खरोखर झटपट. पाणी मिळाले तर तरुण झाड वर्षाला तीन ते पाच फूट चढते. रोपवाटिकांनी कलमाने वाढवलेल्या जातीही काढल्या. ‘आप्टोस ब्लू’, ‘सोकेल’, ‘लॉस आल्टोस’ ही नावे तिथल्या बागकाम करणाऱ्यांना आपल्याकडच्या हापूस-पायरीसारखी पाठ असतात. सगळे छान चालले होते, कारण हिरवळीला रोज संध्याकाळी पाणी सुटत होते आणि त्यातले अर्धे झाड पीत होते. धुक्याची जागा फवाऱ्याने घेतली होती. कोणाच्या ते ध्यानातही आले नाही.

ध्यानात आले ते २०१२ ते २०१६ च्या दुष्काळात. एप्रिल २०१५ मध्ये गव्हर्नर ब्राऊन यांनी शहरांचा पाणीवापर पंचवीस टक्के कमी करण्याचा हुकूम काढला. लोकांनी प्रामाणिकपणे हिरवळीचे नळ बंद केले. (आपल्याकडे अशा हुकुमाचे काय झाले असते, हा विषय वेगळा.) हिरवळ पिवळी पडली ते सर्वांना दिसले. झाड तपकिरी पडायला दोन-तीन वर्षे लागली. आधी शेंड्याकडचे झुपके विरळ झाले, मग शेंडाच सुकला. हायवेच्या कडेला सौंदर्यासाठी लावलेल्या रांगाच्या रांगा उभ्या वाळल्या. २०२० ते २०२२ चा दुष्काळ आला तेव्हा आधीच थकलेली झाडे आणखी खचली. आमच्या अंगणातल्या झाडाचा वरचा सहा-सात फुटांचा शेंडा त्याच काळात गेला. खालून पाहिले की हिरव्या झाडाला वाळकी काडी खोचल्यासारखी दिसते.

२०२३ च्या जानेवारीत, पाठोपाठ वादळे आली त्या आठवड्यात, त्याची एक फांदी रात्री कुंपणावर पडली. कुंपण मोडले. गंमत अशी की तेही रेडवूडच्याच फळ्यांचे होते. माणसाला काही झाले नाही, पण ती फांदी आणखी आठ फूट डावीकडे पडती तर नातीच्या खोलीवर पडली असती. त्या दिवसापासून घरात दोन पक्ष आहेत. मुलगी म्हणते, तोडा. जावई म्हणतात, तोडायचे नाही. मी वयाने मोठा म्हणून निर्णय माझ्याकडे येईल अशी मला भीती होती. तसे झाले नाही. निर्णय त्यांचाच होता, पण मत मात्र दोघांनीही विचारले.

खरे सांगायचे तर माझे पहिले मत ‘तोडा’ असेच होते. पाण्याच्या देशात पाणी पिणारे झाड, घराला लागून, शेंडा वाळलेला. यात विचार करण्यासारखे काय आहे? सांडपाण्याचे पाइपही जुने, आणि सांध्यातून ओल दिसली की या झाडाची मुळे आत शिरतात. तिथे वाटेल त्याला वाटेल तेव्हा झाड तोडता येत नाही, हेही कळले. सॅन होजेत खोडाचा घेर ३८ इंचांच्या वर गेला की आपल्याच अंगणातल्या झाडाला महापालिकेचा परवाना लागतो. पॅलो आल्टोत अठरा इंच व्यासाच्या पुढचे रेडवूड हे थेट संरक्षित झाड ठरते. नव्वद फुटी झाड घरांच्या मधून दोर लावून उतरवायचे म्हणजे एक चांगली जुनी मोटार येईल एवढा खर्च. आणि बुंधा खरवडून काढला नाही तर पुढच्या वसंतात त्याच जागी वीस फुटवे हजर.

मग एका दुपारी मी कागद-पेन्सिल घेऊन बसलो. जुनी खोड. तिथले वृक्षतज्ज्ञ एक साधा ठोकताळा सांगतात : खोडाच्या व्यासाच्या दर इंचाला दहा गॅलन, असे सावकाश मुरवलेले पाणी. छत्तीस इंचांना ३६० गॅलन, म्हणजे सुमारे १,३६० लिटर. कोरड्या सहा महिन्यांत दर पंधरवड्याला एकदा धरले तर तेरा पाळ्या. एकूण साडेसतरा हजार लिटरच्या आसपास. आमच्या पुण्याच्या सोसायटीत उन्हाळ्यात दहा हजार लिटरचा टँकर येतो, तसे पावणेदोन टँकर. झाडाची चैन नव्हे, पण जगवण्यापुरते. आता हिरवळ घ्या. हजार चौरस फूट हिरवळीला आठवड्याला इंचभर पाणी म्हटले की २,३६० लिटर झाले. सव्वीस आठवड्यांचे एकसष्ट हजार लिटर. साडेतीनपट! जी हिरवळ कोणी खात नाही, जिच्यावर नात महिन्यातून दोनदा खेळते, तिला सहा टँकर. आणि पन्नाशीला टेकलेल्या झाडाला पावणेदोन टँकर देताना आम्ही त्याला ‘पाणी पिणारे’ म्हणून शिव्या घालतो. गुन्हेगार भलताच होता.

म्हणून माझी दोन मते झाली आणि ती एकमेकांच्या विरुद्ध वाटली तरी मी दोन्ही धरून आहे. धुक्याच्या पट्ट्याबाहेर, लहान अंगणात, नवे रेडवूड लावू नये. आणि जे उभे आहे ते सहजासहजी तोडू नये.

पहिल्यावर आक्षेप आला तो जावईबापूंकडून. ते म्हणाले, “बाबा, मूळ जंगलातले पाचच टक्के उरले आहे. लोकांनी अंगणात लावले तर झाडांची जात टिकेल ना?” पाच टक्क्यांचा आकडा खरा आहे. सॅन फ्रान्सिस्को १९०६ च्या भूकंपात आणि आगीत बेचिराख झाले, ते बरेचसे याच लाकडावर पुन्हा उभे राहिले. पण अंगणातल्या झाडांनी जंगल टिकत नाही. जंगल टिकले ते ज्यांनी जंगलच विकत घेऊन राखले त्यांच्यामुळे. विल्यम केंट या गृहस्थांनी १९०५ मध्ये पंचेचाळीस हजार डॉलरला एक दरी विकत घेतली, १९०८ मध्ये तिच्यातली २९५ एकर जमीन सरकारला देऊन टाकली आणि नाव मात्र स्वतःचे न देता जॉन म्यूर यांचे द्या म्हणून हट्ट धरला. तेच आजचे म्यूर वुड्स. १९१८ साली ‘सेव्ह द रेडवूड्स लीग’ निघाली, तिचे काम आजही चालू आहे. मी त्या दरीत गेलो होतो. झाडांखाली मऊ काळोख, आणि जमिनीवर तीन-तीन पानांची हिरवी चादर. वाकून पाहिले तर आपल्या आंबुटीची थोरली बहीण! उन्हाचा कवडसा पडला की ती पाने मिटून घेते. झाड, नेचे, आंबुटी, धुके, ओढा, अशी ती सगळी बिऱ्हाडे आहेत. त्यातला एक खांब उचलून आपण अंगणात आणतो आणि म्हणतो जंगल आणले.

जंगलात हे झाड काय सोसू शकते ते २०२० च्या ऑगस्टमध्ये दिसले. विजा पडून लागलेल्या वणव्यात बिग बेसिन हे १९०२ पासूनचे राज्य उद्यान जवळजवळ पूर्ण होरपळले. झाडे खालपासून वरपर्यंत काळी पडली. लोक रडले. काही महिन्यांत त्या कोळशातून हिरवे कोंब बाहेर आले. पुढे २०२३ मध्ये संशोधकांनी दाखवले की त्या कोंबांना लागलेले अन्न झाडांनी कित्येक दशकांपूर्वी साठवून ठेवलेले होते. म्हणजे आजोबांच्या कणगीतले धान्य नातवंडांच्या दुष्काळात कामी आले. एवढे चिवट झाड आमच्या अंगणात मात्र एक नळ बंद केला म्हणून वाळते, ही जागेची करामत आहे. मानवेल तिथे ते परदेशातही आनंदाने नांदते. न्यूझीलंडमध्ये रोटोरुआला १९०१ साली लावलेली झाडे आज सत्तर मीटरच्या घरात आहेत. तिथे पाऊस आहे, गारवा आहे, आणि मुख्य म्हणजे ती शेकड्यांनी एकत्र आहेत.

दुसरी गोष्ट शेजारधर्माची. सनीव्हेल गावात एका दांपत्याने १९९० च्या दशकात कुंपणालगत आठ रेडवूड लावले. शेजाऱ्याने २००१ मध्ये सौर पट्ट्या बसवल्या. झाडे वाढली, पट्ट्यांवर सावली पडू लागली. कॅलिफोर्नियात १९७८ चा सौर-सावलीचा एक कायदा होता. त्याखाली प्रकरण फौजदारी झाले आणि आठांपैकी दोन झाडे दोषी ठरली. म्हणजे मालक दोषी ठरले. झाडे बिचारी वाढण्यापलीकडे काय करणार? दोन्ही घरे पर्यावरणाची कळकळ असलेली, हे विशेष. एकाला हवा शुद्ध करायची होती, दुसऱ्याला ऊन वापरायचे होते. शेवटी २००८ मध्ये कायदाच बदलला आणि पट्ट्यांच्या आधी लावलेल्या झाडांना सूट मिळाली. आपल्याकडे फणसाच्या फांदीवरून आणि नारळाच्या झापांवरून भावकीत पिढ्यान्‌पिढ्या अबोला चालतो, त्यामुळे मला या खटल्याचे नवल वाटले नाही. फक्त एवढेच वाटले की लावताना कोणीतरी मान वर करून पन्नास वर्षांनंतरचे आभाळ पाहायला हवे होते.

मग लावावे काय? सॅन होजेसारख्या कोरड्या गावात तिथलेच ओक आहेत. डेरेदार, सावकाश वाढणारे, उन्हाळ्यात पाणी न मागणारे. न मागणारे म्हणजे दिलेलेही न खपणारे; उन्हाळ्यात बुंध्याशी ओल राहिली तर त्यांची मुळे कुजतात. म्हणून ओक आणि रेडवूड शेजारी शेजारी लावणे म्हणजे उपासाचे आणि जेवणाचे ताट एकत्र वाढण्यासारखे आहे. एकाचा धर्म दुसऱ्याचा अधर्म. हे न कळल्यामुळे एकाच अंगणात दोन्ही गमावलेली घरे मी पाहिली. किनाऱ्यालगत, धुक्यात, एकरभर जागा असेल तर मात्र खुशाल रेडवूड लावा, आणि एक नको, तीन-चार लावा. घरापासून, पाइपांपासून निदान तीस फूट दूर. वर विजेच्या तारा नकोत.

जे आधीच अंगणात आहे त्याचे करायचे काय, हे आम्ही त्या वर्षी शिकलो. वृक्षतज्ज्ञ आले, दोराने वर चढले आणि दीड तासाने उतरून म्हणाले की शेंडा मेला आहे, झाड मेलेले नाही. खालच्या फांद्यांवर नवी पालवी आहे. घराकडच्या दोन वाळक्या फांद्या त्यांनी उतरवल्या. मुलीने विचारले, “वरून निम्मे छाटून टाकले तर?” त्यांनी हात जोडल्यासारखे केले. शेंडा छाटला की एकाच्या जागी चार शेंडे फुटतात, त्यांचे सांधे कच्चे असतात, आणि दहा वर्षांनी तेच वादळात खाली येतात. पाणी द्यायचे ते बुंध्याशी नव्हे, फांद्यांच्या घेराच्या कडेने. रोज शिंपडायचे नाही, पंधरवड्याने सावकाश मुरवायचे. खाली पडलेली पाने झाडून कचऱ्यात द्यायची नाहीत. तेच त्याचे पांघरूण. हे ऐकून सौ.चा चेहरा पाहण्यासारखा झाला, कारण ती रोज सकाळी खराटा घेऊन ते अंगण लख्ख करत होती! सांडपाणी शुद्ध करून बागेला देतात ते पाणी याला चालत नाही, त्यातले क्षार बाधतात. आणि सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये आतल्या बाजूचे झुपके तपकिरी होऊन गळतात ती पानगळ आहे, आजार नाही. त्यावेळी घाबरून कोणाला बोलवायचे नाही. बाहेरची टोके आणि शेंडा तपकिरी झाला तर मात्र बोलवायचे.

एवढे झाल्यावरही मुलीची भीती पूर्ण गेली नाही, आणि तिची भीती चुकीची आहे असे मी म्हणणार नाही. लेकराच्या खोलीवर नव्वद फुटी झाड असणे आणि दुरून त्याचे गुणगान करणे यांत फरक आहे. शेवटी तोड अशी निघाली : नातीची खोली घराच्या दुसऱ्या बाजूला, जिथे जावयांची कचेरी होती तिथे गेली, कचेरी झाडाखाली आली. दर दोन वर्षांनी तज्ज्ञ चढून पाहणार. पाइप बदलले. आणि त्या शरद ऋतूत आम्ही हिरवळ उपटली. मी आणि जावईबापूंनी तीन शनिवार कुदळ मारली, तेव्हा कुठे झाडाच्या मुळांची तांबूस जाळी दिसली. कुंपणापलीकडे, म्हातारबुवांच्या अंगणात गेलेली. ते म्हणाले, “मला ठाऊक आहे. माझी अझेलिया तिच्यावरच तर जगते आहे.” झाडाच्या मुळांवर अझेलिया जगते की अझेलियाच्या पाण्यावर झाड, यावर आमचा वाद अजून मिटलेला नाही.

उपटलेल्या जागी लाकडाचा भुसा पसरला आणि भोवती बारीक भोकांची नळी वेटोळे घालून टाकली. रात्री दहाला नळ किंचित उघडायचा, सकाळी सहाला बंद. पाणी किती खोल गेले ते पाहायला लांब स्क्रूड्रायव्हर मातीत खुपसायचा. सहज शिरला तर ओल पोचली. हे काम नातीकडे आहे. नळीतल्या रोपाचा राग तिने सोडलेला नाही, अधूनमधून आठवण करून देते. पण दर पंधरवड्याच्या शनिवारी सकाळी ती चपला न घालताच अंगणात जाते आणि आठ ठिकाणी खुपसून वहीत आकडे लिहिते. पुण्याला फोन येतो तेव्हा आधी ते वाचून दाखवते. गेल्या वेळी उत्तरेच्या बाजूला नऊ इंच, दक्षिणेला चारच. मी म्हटले, दक्षिणेकडची भोके गाळाने बुजली असतील, नळी उलटी करून धुऊन बघ.